हळदी कोट आणि सांता रोसा

आमच्या इमारतीत ऋतू बदलला की नाही हे हवामान खातं ठरवत नाही, तिसऱ्या मजल्यावरची मागेला ठरवते.

एप्रिलमधल्या, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या पानगळीच्या, एखाद्या सकाळी ती लांब बूट घालून खाली उतरली, की संध्याकाळपर्यंत प्रत्येक बाल्कनीत ब्लँकेटं उन्हाला पडलेली दिसतात. डिसेंबरात तिच्या डोक्यावर गवती टोपी आली, की लोक पंखे पुसायला घेतात. आणि हिवाळा सरता सरता तिच्या अंगावर फुलाफुलांचा ड्रेस दिसला, की पहिल्या मजल्यावरचे वॉल्टरकाका कानटोपी काढून डोकं खाजवतात आणि जिन्यात उभं राहून जाहीर करतात, "आला बरं का वसंत!" नदीवरून सुरीसारखा वारा येत असेना का. मागेलाच्या अंगावर आला म्हणजे सगळ्या माँटेव्हिडिओत आला.

माझ्या अंगावर मात्र त्या वर्षी एकच ऋतू होता. करडा स्वेटर.

तो मुळात माझाही नव्हता, माझ्या नवऱ्याचा, नेल्सनचा होता. इथल्या सगळ्या पुरुषांसारखा नेल्सनच्याही डाव्या काखेत गरम पाण्याचा थर्मास असतो आणि उजव्या हातात मातेचा पेला. माते म्हणजे इथला कडू पाल्याचा चहा, तो दिवसभर घोट घोट प्यायचा असतो ना. दोन्ही हात असे राष्ट्रकार्यात गुंतलेले असल्यामुळे दार उघडणं, पिशव्या उचलणं, छत्री धरणं ही कामं आपोआप बायकांकडे येतात. तर त्या थर्मासाने वर्षानुवर्षं दाबून दाबून करड्या स्वेटरच्या डाव्या बाजूला एक खोलगट पिशवी तयार केली होती. नेल्सनने तो टाकून दिला, आणि आमची मुलगी मोरा झाल्यावर दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी मी तो हाताला लागला म्हणून घातला. मोराचं डोकं त्या खोलगट जागेत असं बरोब्बर बसलं, की मला वाटलं, देवाने थर्मास निर्माण केला तो याचसाठी. तिथे डोकं ठेवलं की ती झोपायची. स्वेटर काढला की उठायची. मग स्वेटर काढणार कोण?

मेमध्ये थंडी पडली आणि मागेला हळदी कोटात अवतरली.

आम्ही लिफ्टमध्ये होतो. आमची लिफ्ट जाळीच्या दाराची आणि इतकी अरुंद, की तिच्यात चार माणसं शिरली तर प्रत्येकाला दुसऱ्याचा नाश्ता कळतो. तिसऱ्या मजल्यावर जाळी सरकली आणि तो कोट आत आला. मागाहून मागेला आली. हळकुंडासारखा पिवळाधमक, गुडघ्याखालपर्यंत, मोठ्या लाकडी बटणांचा, मागे टोपी असलेला.

"काय सुंदर कोट आहे, मागेला!" नेल्सन म्हणाला.

लग्नानंतर मी नेल्सनच्या तोंडून 'सुंदर' हा शब्द फक्त फुटबॉलमधल्या गोलाबद्दल ऐकला होता. तोही आपल्या बाजूचा गोल असेल तर.

"थँक्यू," मागेला म्हणाली. तिच्या कानातले डूलसुद्धा 'थँक्यू' म्हणाले.

मग नेल्सन माझ्याकडे वळला. मी उगाचच मान जरा वर केली, स्वेटरवरचा दुधाचा डाग मोराच्या पायाखाली झाकला.

"गॅस बंद केलास ना?" तो म्हणाला.

त्या क्षणापासून मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. कोट नव्हे, ते वाक्य. 'काय सुंदर अमुक आहे, अनाही!' अमुकच्या जागी काहीही चाललं असतं. रुमाल चालला असता.

माझे कपडे ऋतूंप्रमाणे बदलत नव्हते, पण माझा जळफळाट अगदी वेळच्या वेळी बदलायचा, हे मला माझ्या बाजूने नमूद केलं पाहिजे. उन्हाळ्यात तो हलका, सुती असतो. मागेलाची टोपी दिसली की नुसतं नाक मुरडायचं, संपलं. पानगळीत त्याला अस्तर लागतं. आणि हिवाळ्यात तो जाड, लोकरी, दुहेरी विणीचा होतो आणि अंगात घातला की अजिबात थंडी वाजत नाही. जून, जुलै मी त्याच्यावरच काढले.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला आणि एकदम गरम झालं. लोक अर्ध्या बाह्यांत फिरायला लागले, नदीकाठच्या कट्ट्यावर म्हाताऱ्यांनी पाय उघडे टाकले. आता, हा उत्तरेचा वारा म्हणजे काय ते इथलं शेंबडं पोरही सांगेल. तो वसंत नसतो. सांता रोसा श्वास आत घेत असते. ऑगस्टच्या तीस तारखेला त्या संतीणबाईचा दिवस, आणि त्याच्या आगेमागे तिचं वादळ येतं, हिवाळ्याची शेवटची झाडलोट करून जातं. ते येऊन जाईपर्यंत लोकरीचा एक धागासुद्धा आत टाकायचा नाही, असा नियम आहे. लोक चर्चला जात नाहीत, कर चुकवतात, सिग्नल तोडतात, पण हा नियम कोणी तोडत नाही.

मी तोडायचं ठरवलं. यंदाचा वसंत मागेलाच्या नव्हे, माझ्या अंगावर येणार होता. मागेलाचा फुलाफुलांचा ड्रेस निघायच्या आत माझा हिरवा ड्रेस निघणार होता. सगळी इमारत बघणार होती. मुख्य म्हणजे लिफ्टमध्ये नेल्सन बघणार होता.

योजना साधी होती. एक ड्रेस बाहेर काढायचा.

पण आमच्या घरातल्या कपाटात एका वेळी एकच ऋतू मावतो. दुसरा ऋतू तळघरात, इमारतीतल्या प्रत्येक घराला दिलेल्या जाळीच्या खोलीत ठेवायचा असतो. हिरवा ड्रेस उन्हाळ्याच्या खोक्यात होता. उन्हाळा वर आणायचा तर हिवाळा खाली न्यायला हवा. म्हणजे नेल्सनचे स्वेटर, माझा एकुलता एक काळा कोट, मोराची झबली-टोपरी, सासूबाईंनी विणलेला घोंगडीएवढा पाँचो, सगळं.

सासूबाईंचा फोन नेमका तेव्हाच आला. एल्बियाबाईंना माझ्या चुका होण्याआधीच ऐकू येतात.

"काय आवाज येतोय गं? कपाट आवरतेयस का?"

"नाही हो. मोरा खेळतेय."

"सांता रोसा गेल्याशिवाय मोजासुद्धा आत टाकायचा नाही, पोरी. माझ्या मावसबहिणीने टाकला होता."

"मग काय झालं?"

"काय व्हायचं? ब्राझीलच्या माणसाशी लग्न केलं तिने."

या दोन गोष्टींचा संबंध मी विचारला नाही. विचारला असता तर दुपार गेली असती.

लोकर खूप जागा खाते म्हणून मी हवा काढून घेण्याच्या त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या. हवा काढायला व्हॅक्यूम क्लीनर हवा, तो वॉल्टरकाकांकडे. व्हॅक्यूम क्लीनर आला, त्याच्याबरोबर वॉल्टरकाका आले, त्यांच्या काखेत त्यांचा थर्मास आला. ते आमच्या सोफ्यावर बसले आणि सल्ले द्यायला लागले.

"मध्ये मध्ये वर्तमानपत्र घाल. शाईने कसर पळते."

"बरं, काका."

"तमालपत्रं घाल. संत्र्याची सालं घाल, त्यांत लवंगा टोचून."

"काका, मला कपडे ठेवायचेत. शिजवायचे नाहीत."

"माझ्या मते तर ठेवूच नकोस. माझा गुडघा बघ." त्यांनी गुडघा दाखवला. मला तरी गुडघ्यासारखाच दिसला. "हा म्हणतोय, येतेय ती."

मी मशीन सुरू केलं. पिशवी आकसायला लागली. इतका मोठा सासूबाईंचा पाँचो बघता बघता पापड झाला. मोरा टाळ्या वाजवून हसत होती. तिला वाटलं, आई आजीला शिक्षा करतेय. मग मशीनने मोराचा एक मोजा गिळला, मग दुसरा गिळला, मग वॉल्टरकाकांच्या मातेच्या पेल्यातली नळी ओढून घेतली आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं ओरडत बंद पडलं. काकांनी नळीविना उरलेला पेला छातीशी धरला. जिच्यातून माते ओढायचा ती नळी, तीही चांदीची, त्यांच्या वडिलांची. मशीन उघडून, धुळीत हात घालून मी ती काढली, उकळत्या पाण्यात घातली, त्यांच्या हातात दिली, आणि सगळा हिवाळा लिफ्टने तळघरात नेला.

तिथे दिव्याभोवती कसर उडत होती. चांगली धष्टपुष्ट कसर. माझ्या पिशव्यांकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी हळदी कोटाकडे बघते. मी वर आले आणि इमारतीच्या व्यवस्थापकांना, तहामसाहेबांना, खरमरीत फोन केला. आता, तहामसाहेबांची ख्याती अशी, की जिन्यातला दिवा गेल्याची तक्रार केली तर दिवा लागेपर्यंत तक्रार करणाऱ्याची मुलं कॉलेजात जातात. म्हणून मी जरा जोरातच बोलले. आरोग्य, लहान मूल, वर्तमानपत्र, हे तीनही शब्द वापरले.

दुसऱ्या दिवशी मी हिरवा ड्रेस घातला.

मोरा पोटात यायच्या आधीचा तो ड्रेस. पाठीची चेन अर्ध्यावर येऊन थांबली आणि वाटाघाटी सुरू झाल्या. मी श्वास सोडला, ती थोडी वर आली. मी आठवणी सोडल्या, आणखी थोडी आली. उरलेल्या भागाला दुपट्याच्या सेफ्टी पिना लावल्या आणि वर पातळ ओढणी घेतली. आरशात पाहिलं तर अनाही नावाची एक बाई मला दिसली. हिला मी ओळखत होते. बऱ्याच दिवसांनी भेटली. मोराने मात्र ओळखलं नाही. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बघितलं, खोलगट जागा शोधली, सापडली नाही, आणि भोकाड पसरलं.

लिफ्टमध्ये वॉल्टरकाका भेटले. "बरं वाटत नाही का गं? डॉक्टरकडे निघालीस?"

दारात तळमजल्यावरच्या बाई भेटल्या. "हीटर बिघडला का तुमचा? घरात फार गरम होतं का?"

मग मागेला आली. हळदी कोटातच! मी जिंकले होते. मी पहिली होते. मागेलाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. ते काय आहे हे मला कळलं नाही, पण मत्सर नव्हता. मत्सराचा चेहरा मला ओळखू येतो.

"अगं, इतक्यात?" ती म्हणाली. "अजून सांता रोसा जायचीय."

आणि ती जोरात शिंकली.

संध्याकाळी नेल्सन आला. मी मुद्दाम दिव्याखाली उभी राहिले. तो बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. थर्माससुद्धा टेबलावर ठेवला. मी पोट आणखी आत ओढलं.

"थंडी नाही वाजत?" तो म्हणाला.

"नाही."

"बरं. माझा निळा स्वेटर कुठाय? मला वाजतेय."

वारा फिरला होता.

सांता रोसा आली ती तारखेच्या एक दिवस आधीच आली, बहुधा माझ्यासाठी खास वेळ काढून. पहाटे खिडक्या वाजायला लागल्या, मग गारा, मग आडवा पाऊस. दक्षिणेचा वारा दाराखालच्या फटीतून आत येऊन घरात कोणाकोणाच्या अंगावर काय काय आहे याची चौकशी करून गेला. नेल्सनच्या अंगावर तीन अर्ध्या बाह्यांचे शर्ट होते, एकावर एक. मोराला मी टॉवेलात गुंडाळली होती. आणि मी पुन्हा करड्या स्वेटरात होते. तो तळघरात गेला नव्हता, कारण तो धुऊन आत टाकायचं माझं धाडसच झालं नव्हतं.

"मी आणतो वर सगळं," नेल्सन म्हणाला आणि तळघरात गेला. परत आला तो रिकाम्या हातांनी. अर्थात, थर्मास सोडून.

"तळघराला सील आहे."

"सील?"

"दारावर कवटीचं चित्र आहे. कसरीसाठी धूर सोडलाय. सोमवारपर्यंत उघडायचं नाही."

मी तहामसाहेबांना फोन लावला. पाठीमागे पाण्याचा आवाज आणि पोरांचा कल्ला. साहेब सहकुटुंब उत्तरेला गरम पाण्याच्या झऱ्यांवर होते.

"किल्ली कोणाकडे आहे, साहेब?"

"कंपनीकडे. कंपनी सोमवारी येईल."

"अहो, माझ्या बाळाचे सगळे गरम कपडे आत आहेत!"

"बाई," ते अत्यंत शांतपणे म्हणाले, गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसलेला माणूस शांतच असतो, "माझ्या सगळ्या कारकिर्दीत मी एवढ्या तातडीने काही केलं नव्हतं. तुमच्याच तक्रारीवरून केलं. तुम्ही वर्तमानपत्राचं नाव काढलंत."

मी फोन ठेवला आणि मोराला आणखी एक टॉवेल गुंडाळला.

आणि त्याच सकाळी मोराची लस होती. तो दिवस चुकला की पुढचा नंबर नारळासारखा असतो, कधी पडेल ते सांगता येत नाही. लसीच्या खिडकीवरच्या बाईंना मी फोन करून वादळाचं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "वादळ सगळ्यांनाच आहे, बाई." नेल्सन तीन शर्टांवर रेनकोट चढवून कामावर गेला. मी करड्या स्वेटरवर मोराला घट्ट धरून टॅक्सी बघायला खाली उतरले, दारात एक मिनिट उभी राहिले, आणि चिंब भिजून परत लिफ्टमध्ये शिरले. स्वेटर गुडघ्यापर्यंत लोंबत होता. मोराला मात्र गंमत वाटत होती.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. मी बटण दाबलं नव्हतं. जाळी सरकली. समोर मागेला उभी होती, फुलाफुलांच्या ड्रेसात, उघड्या दंडांवर काटा, नाकाचा शेंडा लाल.

"अगं आई गं!" ती म्हणाली. "आत ये. आधी आत ये."

मागेलाच्या घरी मी पहिल्यांदाच गेले. आत येताना मनात म्हटलं, आता बघू या त्या प्रसिद्ध कपाटात काय काय आहे. कपाट एवढंसं होतं. माझ्या कपाटाहूनही लहान. हॅंगरवर जेमतेम पाच-सहा कपडे लोंबत होते.

"बाकीचे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कुठले बाकीचे? ते दुकानाचे असतात." ती मोराचं डोकं पुसत होती. "मी काउंटरवर असते ना. काचेतल्या पुतळ्यांना नवा ऋतू चढवला की आम्हालाही तोच घालून यावं लागतं, घरून निघतानाच. ऋतू संपला की परत. वसंत काचेत लागला काल. म्हणून हा ड्रेस, असल्या हवेत." ती पुन्हा शिंकली. "मला बाई, वर्षातून चारदा सर्दी होते. प्रत्येक ऋतूच्या आधी एकदा."

इतका मत्सर मी पुतळ्याचा करत होते होय?

"काढ तो ओला स्वेटर," ती म्हणाली. "आणि हा घे. हा तेवढा माझा आहे. पगारातून कापून घेतलेला."

तिने हळदी कोट माझ्या अंगावर घातला.

आता खरं सांगते. आभार मानायचे सोडून मी मनात म्हटलं, मला जास्त शोभतो. मग मागेलाने मोराला माझ्या छातीशी दिलं आणि वरून बटणं लावली, सगळीच्या सगळी, आणि मोरा आत गडप झाली. टोपी माझ्या डोळ्यांपर्यंत ओढली. ओला करडा स्वेटर तिच्या खुर्चीवर टाकून मी खाली उतरले.

टॅक्सी बोलावली होती. दाराच्या आत, काचेकडे तोंड करून मी उभी होते. बाहेर रस्त्यावर गवती टोप्या, छत्र्या, एक प्लॅस्टिकची खुर्ची, सगळं नदीच्या दिशेने निघालं होतं. आत कोटात मोराचा गरम श्वास माझ्या गळ्याशी लागत होता. मागून, पार्किंगच्या दाराने कोणीतरी आलं. पाण्याने पचपचणारे बूट. थर्मास भिंतीला लागल्याचा टण्णकन आवाज. नेल्सन! लसीला आमच्याबरोबर यायला परत आला होता.

मी वळणार, तेवढ्यात तो बोलला.

"मागेला, बरी भेटलीस."

मी वळले नाही. मनाने वळायला सांगितलं आणि कानांनी थांबायला सांगितलं. कान जिंकले.

"एक विचारायचं होतं. हा कोट कुठे मिळतो गं? अनाहीसाठी हवाय."

मी टोपी आणखी खाली ओढली.

"मे महिन्यापासून बघतोय. लिफ्टमध्ये तू आलीस की ती या कोटाकडे अशी बघते, मोरा चमच्याकडे बघते ना, तशी. म्हणून मी तेव्हा मुद्दाम म्हटलं, काय सुंदर कोट आहे. म्हटलं, तू आपणहून दुकानाचं नाव सांगशील. तू नुसतं थँक्यू म्हणालीस."

काच धुरकटली होती, कारण मी श्वास सोडत होते.

"तिला शोभेल ना? ती जरा..."

जरा काय? जरा काय, नेल्सन? जाड? बुटकी? संसारात मला इतका मोठा विराम कधी जाणवला नव्हता.

"ती जरा स्वतःकडे बघतच नाही हल्ली. सारखी मोराकडे नाही तर तुझ्याकडे बघते. परवा हिरवा ड्रेस घातला होता. मी बघतच राहिलो. काहीतरी बोलायचं होतं, पण तिच्या पाठीला पिना दिसल्या, म्हटलं आता बोललो तर रडेल. म्हणून थंडीचं विचारलं."

आणि तेव्हा कोटाच्या वरच्या दोन बटणांच्या मधून एक टक्कल बाहेर आलं, गर्रकन मागे वळलं, आणि माझ्या खांद्यावरून आपल्या बापाकडे बघून म्हणालं, "पापा!"

मोराचा पहिला शब्द. सगळा काळ माझ्या दुधावर, माझ्या झोपेवर, माझ्या काखेतल्या खड्ड्यात वाढलेल्या मुलीचा पहिला शब्द. मी किती प्रकारे जळावं, याला काही मर्यादा?

नेल्सनच्या काखेतून थर्मास खाली पडला. लग्नानंतर प्रथमच.

"तू?" तो म्हणाला.

"हो, मी," मी म्हणाले. "आणि कोट मला शोभतो. आता बोल."

तो बोलणारच होता. तोंड उघडलंही होतं. पण टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला, आणि सांता रोसाच्या दिवशी टॅक्सी ताटकळत ठेवण्याइतकं मोठं या शहरात कोणतंच वाक्य नाही.

कोट मला मिळाला. मागेलाने दुकानाच्या मागच्या खोलीतून शोधून काढला, तसाच, हळदी. मिळाला मात्र डिसेंबरात, भर उन्हाळ्यात; मी तो घालून आरशासमोर उभी राहायची आणि पंखा लावायची. करडा स्वेटर मागेलाने धुऊन परत आणला होता, तेव्हा जरा घुटमळली होती. "अनाही, थोडे दिवस राहू दे का माझ्याकडे? इतकं गरम मला कधी झालंच नाही." मोरा एव्हाना पाळण्यातही झोपायला लागली होती; मी मोठ्या मनाने म्हटलं, ठेव की, तुझाच समज. ज्याचं कोटाचं ठरलेलं असतं, त्याचं मन मोठं असायला काय जातं?

मार्च उजाडला. मोरा आता धरून धरून चालायला लागली होती. एका सकाळी बाल्कनीतून आलेला वारा मला गार वाटला. इतर कोणालाही वाटला नसेल, पण मला वाटला. मी हळदी कोट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि मोराला कडेवर घेऊन नेल्सनबरोबर लिफ्टमध्ये शिरले. कपाळावरून घाम ओघळत होता, पण मी पहिली होते. सगळ्या माँटेव्हिडिओत पानगळ माझ्या अंगावर आली होती. नेल्सनने माझ्याकडे पाहिलं. त्याने श्वास घेतला. मला समजलं, आता येतंय. ते वाक्य येतंय. सहा महिने टॅक्सीत अडकून पडलेलं.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. जाळी सरकली.

मागेला आत आली. पांढरी पँट, पायात उघडी सँडल आणि वर करडा स्वेटर, एका खांद्यावरून सैल ओघळलेला, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. डाव्या बाजूची ती खोलगट जागा तिच्या कंबरेवर अशी पडली होती, जशी कोणी मुद्दाम शिवून घेतली असावी. पॅरिसहून.

मोराने स्वेटर पाहिला आणि माझ्या कडेवरून झेप घेतली. मागेलाने झेललं. मोराने डोकं नेमकं त्या खोलगट जागेत टेकवलं, अंगठा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"काय सुंदर स्वेटर आहे, मागेला!" नेल्सन म्हणाला.

लिफ्ट दुसऱ्या मजल्याला आली.

"तो आपला आहे," मी म्हणाले.

"आपला? आपल्याकडे असा स्वेटर कधी होता?"

"वर्षभर माझ्या अंगावर होता. त्याआधी तुझ्या."

नेल्सनने स्वेटर निरखून पाहिला. स्वेटरवरची त्याच्या थर्मासाची जागा पाहिली, तिच्यात झोपलेली मोरा पाहिली. मग हळूच माझ्याकडे वळला. हळदी कोट, लाकडी बटणं, घामाने चिकटलेले केस, सगळ्यावरून त्याची नजर फिरली, आणि चेहऱ्यावर येऊन थांबली. डोळे अगदी मऊ झाले. मी मान वर केली.

"अनाही," तो म्हणाला, "गॅस बंद केलास ना?"

आणि तिथेच माझ्या घामाने डबडबलेल्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोटाच्या नादात, नव्हता केला.